हुमणीचं औषध

साळुंकी झोपली आहे असंच भरतेशला आधी वाटलं. लॉनच्या मधोमध, कुशीवर, एक पाय पोटाशी घेऊन. पक्षी असे उघड्यावर आडवे होत नाहीत हे पन्नाशी गाठलेल्या माणसाला कुणी सांगायला लागत नाही, पण सकाळच्या पहिल्या नजरेला माणूस स्वतःची जरा जास्तच समजूत काढतो. फाटकाशी पडलेला पेपर उचलून तो फरशीच्या पट्टीवरून परत येत होता. चपलेच्या टोकानं हलवल्यावर ती जशी पडली होती तशीच, अख्खीच्या अख्खी, उलटली. चोच पिवळीधमक होती, डोळ्याभोवतीची कडसुद्धा अजून ताजी होती. लाज वगैरे नंतर आली. आधी त्यानं काय केलं, तर आजूबाजूला पाहिलं. समोरच्या बंगल्याची खिडकी बंद होती. शेजारच्या नानासो सुभेदारांच्या अंगणात त्यांचा बनियन तेवढा वाळत होता. मग त्यानं त्या दिवसाचा न वाचलेला पेपर उघडला, साळुंकी त्यात गुंडाळली आणि गवत कापायच्या मशीनमागं, पोत्याच्या आडोशाला सारून दिली. हे सगळं त्याच्या हातांनी इतक्या सराईतपणे केलं की मशीनजवळून उठताना त्याला स्वतःच्याच हातांचं जरा भय वाटलं.

आणि आजच. आज घरी चौका होता. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, यंदा एका दिगंबर मुनींचा चातुर्मास चालू होता. महाराज दिवसातून एकदाच जेवत, उभ्यानं, ओंजळीत. त्यासाठी सकाळी बाहेर पडत, मनात काहीतरी संकल्प धरून, आणि कॉलनीतल्या ज्या ज्या घरी शुद्ध स्वयंपाकाचा चौका मांडलेला असेल त्या दारांवरून चालत जात. संकल्प जिथं जुळेल तिथं थांबत. ते कुठं थांबतील हे आधी कुणालाच ठाऊक नसे, त्यामुळे दारात उभं राहणारे परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसे रस्त्याकडे डोळे लावून असायचे. आज चार घरी चौका होता आणि त्यातलं एक घर भरतेश मगदूमचं होतं. या एका सकाळसाठी त्याच्या आईनं किती वर्षं वाट पाहिली होती ते सबंध बस्तीला माहीत होतं. आईला घरात सगळे अव्वा म्हणत. ती जतकडची, तिच्या माहेरी निम्मं बोलणं कानडीत चाले. नाव विजयमाला, पण त्या नावानं तिला आता फक्त बँकेतलेच लोक हाक मारत. भरतेशची उमेदीची सगळी वर्षं फ्लॅटमध्ये गेली, कुपवाडला वर्कशॉप उभं करण्यात गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत, वर कुणाचं बाथरूम, खाली कुणाचं चिकन, तिथं कसला चौका मांडायचा? अव्वा दर चातुर्मासात दुसऱ्यांच्या घरी जायची. भाकरी थापायची, पाणी गाळायची, भांडी पुसायची, आणि महाराज आले की मागच्या रांगेत उभी राहायची. घरी येऊन सांगायची, "आज निरंतराय झाला." म्हणजे आहारात केस निघाला नाही, मुंगी निघाली नाही, कुठं मेलेलं काही दिसलं नाही. यातलं काहीही झालं तर महाराज तिथंच हात सोडतात आणि उरलेला दिवस उपाशी राहतात. अव्वा हे इतक्या समाधानानं सांगायची, जणू तिच्याच घरी झालंय. भरतेशला तेव्हा त्यात काही दुखतंय हे कळायचं नाही. आता बंगला झाल्यावर कळत होतं, आणि कळल्याचा थोडा अभिमानही होता. आईसाठी बंगला बांधला असं तो चारचौघांत म्हणत असे. ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

पूर्ण खरं सांगायचं तर बंगला त्यानं लॉनसाठी बांधला होता. साताऱ्याला दीपालीच्या माहेरी, म्हणजे त्याच्या सासुरवाडीला, त्याचा मेहुणा सम्मेद याची हायवेलगत नर्सरी होती. तिथं त्यानं पहिल्यांदा ते गवत पाहिलं, मेक्सिकन की काय म्हणतात ते, बारीक, दाट, चटईसारखं गुंडाळून टेंपोत घालता येणारं. त्यावरून तो अनवाणी चालला होता. वर्कशॉपच्या लोखंडाच्या किसात आणि मशीनवर सोडायच्या कूलंटच्या वासात पंचवीस वर्षं घालवलेल्या पायांना ते इतकं थंड, इतकं स्वच्छ लागलं की तो परत फिरून दुसऱ्यांदा त्यावरून चालला. हे आपल्या दारात असलं की आपण पोचलो, असं त्याला वाटलं. कुठं पोचलो ते वाटलं नाही. बांधकामाच्या वेळी फाटकापासून दारापर्यंत अखंड हिरवं हवं असा त्याचा हट्ट होता. अव्वा प्लॅनवर बोट ठेवून म्हणाली, "आणि महाराज यायचे कुठनं? हिरव्यावर ते पाय ठेवत न्हाईत." भरतेश म्हणाला, "कुठले महाराज, अव्वा? आधी घर तर होऊ दे." तिनं बोट काढलं नाही. शेवटी मधून फरशीची एक पट्टी ठेवावी लागली आणि लॉनचे दोन तुकडे झाले, त्याचं त्याला पुढं कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं. काय काय गोष्टींचं वाईट वाटून घ्यायला माणसाकडे वेळ असतो.

गवताची सेवा मात्र त्यानं स्वतः केली. माळी ठेवला नाही. रविवारी मशीन चालवायचं, तेही अगदी बूड कापून, कारण मखमल दिसली पाहिजे. रोज संध्याकाळी वर्कशॉपवरून आल्यावर पाईप धरून थोडं थोडं पाणी मारायचं, वरवर, कारण थेंब चमकताना पाहायला त्याला आवडायचं. आणि युरिया. युरियाची मूठ फेकली की चार दिवसांत गवत असं काळंभोर हिरवं व्हायचं की रस्त्यानं जाणारी माणसं स्कूटर हळू करायची. त्या हळू होणाऱ्या स्कूटरींचा त्याला नाद लागला. मुलगी ब्राह्मी पुण्याहून यायची तेव्हा म्हणायची, "पप्पा, तुम्ही आमच्याशी बोलता त्यापेक्षा गवताशी जास्त बोलता." तो हसायचा. तिसऱ्या वर्षी पाऊल टाकलं की गवत किंचित खाली जायला लागलं, कापसाच्या गादीवर पाय पडावा तसं. त्याला वाटलं, आहाहा, काय मऊ झालंय. अज्ञानात माणूस खूश असतो तो असा. पुढं पाणी मारलं तर ते वरच थांबायचं, खाली उतरायचंच नाही. सम्मेद एकदा सांगलीला आला तेव्हा त्यानं सुरीनं केकसारखा एक तुकडा कापून काढला आणि आडवा धरून दाखवला. वर बोटाच्या पेराएवढं हिरवं, तळाला माती, आणि दोघांच्या मध्ये तपकिरी, मेलेल्या काड्यांचा, सुकलेल्या मुळ्यांचा, गुंतलेल्या आडव्या खोडांचा जाड थर. "दाजी, ह्याला थॅच म्हणत्यात," सम्मेद म्हणाला. "तुमी खायला लय घालताय आन पाणी वरच्यावर देताय. त्याला खाली मुळं सोडायची गरजच न्हाई. वरच्या वर वाढतंय आन वरच्या वर मरतंय. हे एकदा दाताळ्यानं विंचरून सगळं उपसून काढा, मातीला भोकं पाडा, वर वाळू टाका. दीड-दोन महिने उघडं-बोडकं दिसंल. मग परत धरंल."

दीड-दोन महिने. उघडं-बोडकं. स्कूटरी हळू न होता निघून जाणार. तेव्हा आषाढ होता, चातुर्मास लागायला आठवडा होता, आणि भरतेशच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. "आता चार महिने माती उकरता येणार नाही. खाली किती जीव असतात. आमच्यात चालत नाही ते." सम्मेद त्यांच्यातलाच होता. त्यानं भरतेशकडे एकदा पाहिलं आणि सुरी पुसून ठेवली. पण अव्वा दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. त्या वाक्यानं तिचा चेहरा कसा झाला ते भरतेशनं पाहिलं, आणि तिथंच खरं तर ते वाक्य परत घ्यायला हवं होतं. पन्नास वर्षांत तिला मुलाच्या तोंडून धर्माचा एक शब्द ऐकायला मिळाला नव्हता. पाणी गाळायचं तर तो म्हणायचा फिल्टर आहे, रात्री जेवायचं नाही तर तो म्हणायचा शिफ्ट संपतेच आठला. आणि आज आपण होऊन मुलगा म्हणतो, खाली जीव असतात. दुसऱ्या दिवशी बस्तीत तिनं ते सांगितलं. आठवड्याभरात सगळ्यांना माहीत झालं. कोपऱ्यावरचे किराणावाले धरणेंद्र काका त्याला थांबवून म्हणाले, "भरतेश, ऐकून बरं वाटलं. आमची पोरं बघा." तो "तसं काही नाही" म्हणाला, आणि ते इतकं विनयानं म्हणाला की धरणेंद्र काकांचे डोळे पाणावले. घरी येऊन त्यानं लॉनवर पाणी मारलं. त्या दिवशी थेंब नेहमीसारखे चमकत होते आणि त्याला ते बघवत नव्हते; तरी त्यानं पाईप शेवटपर्यंत धरून ठेवला.

मग हुमणी लागली. भाद्रपदाच्या सुरुवातीला गवतावर पिवळे चट्टे उठले, मग तपकिरी, आणि एका जागी त्यानं मूठ भरून ओढलं तर गवत सतरंजीसारखं उचलून हातात आलं. खाली मुळं नव्हतीच. पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या होत्या. नानासो सुभेदार भिंतीवरून वाकून बघत होते. फौजेतून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, गावाकडं ऊस होता, आणि लोकांच्या अडचणी बघून त्यांना मनापासून उत्साह यायचा. "आवं भरतेशसायेब, हुमणी हाय ही. आमच्या उसाला दरसाल. औषद हाय की माझ्याकडं. बादलीत कालवायचं आन ओतायचं, फिनिश." भरतेश म्हणाला, "बघू." नानासो म्हणाले, "बगू काय? चौका हाय म्हंता न्हवं तुमच्यात पुढच्या हप्त्यात? लोकं येनार. हे असं गजकरण झाल्यागत दिसनार व्हय?" बाटली त्यांनी भिंतीवर ठेवली. तिचं बूच उघडायच्या आधीच तिचा वास येत होता. ती दोन दिवस भिंतीवर होती. तिसऱ्या दिवशी अव्वा बस्तीत गेली तेव्हा ती भिंतीवर नव्हती.

अळ्या मेल्या नाहीत. हे त्याला फार उशिरा, म्हणजे परवा कळलं. त्यानं कोपरा उचलून पाहिला तर त्या खाली आरामात वळवळत होत्या. औषध त्यांच्यापर्यंत गेलंच नव्हतं, मधल्या त्या मेलेल्या थरानं ते सगळं पिऊन घेतलं होतं. तिथंच थांबायला हवं होतं, हे दुसऱ्यांदा. पण चौका दोन दिवसांवर, चट्टे तसेच, आणि एकदा हात मळल्यावर माणसाला वाटतं की निदान काम तरी पुरं व्हावं. त्यानं झारी भरून दुप्पट ओतलं. काल सकाळी गांडुळं वर आली होती. फरशीच्या कडेनं, गुलाबी, गाठी मारल्यासारखी. अव्वा उठायच्या आत त्यानं ती खराट्यानं लोटून काढली आणि खराटा धुतला. गांडुळांपर्यंत तो स्वतःला काहीबाही सांगू शकला होता. साळुंक्या येऊन ती गांडुळं वेचतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि यायला काही मोठी अक्कल लागत नव्हती. लहानपणापासून नांगरामागं पाखरं बघितलेला माणूस तो. कळत नव्हतं असं नाही. त्यानं कळू दिलं नव्हतं.

आता आंघोळ करून, सोवळ्याचं धोतर नेसून तो वरच्या खोलीच्या खिडकीत उभा होता आणि खाली मागच्या अंगणातल्या नळापाशी दुसरी साळुंकी होती. ही जिवंत होती. पंख अर्धवट पसरून, चोच उघडी ठेवून ती एका बाजूला झुकत होती, सावरत होती, परत झुकत होती. खाली जावं, उचलावं, कुठंतरी ठेवावं असं त्याला वाटलं, पण सोवळ्यात होता. केवढं सोयीचं कारण. त्यानं धोतराचा सोगा हातात धरला आणि उभा राहिला. स्वयंपाकघरातून दीपालीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी मुगाचं काहीतरी सांगत होती. तेवढ्यात मागचं फाटक वाजलं आणि अव्वा आली. बस्तीच्या विहिरीवरून ती स्वतः पाणी आणायची. तिथंच दुहेरी फडक्यातून गाळायची, आणि फडक्यात जे डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत असे जीव उरले असतील ते फडकं उलटं करून, हळूच, त्याच विहिरीत परत सोडायची. लहानपणी तो तिला विचारायचा, "त्यात काय आहे? मला तर काही दिसत नाही." ती म्हणायची, "तुला न्हाई दिसत म्हणून त्यास्नी घर नसतं व्हय?" कळशी कमरेवर, केस ओले, ती नळापाशी आली आणि थांबली.

भरतेश खिडकीतून बाजूला झाला नाही. व्हायला पाहिजे होतं की नाही हे त्याला नंतरही ठरवता आलं नाही. अव्वानं कळशी कट्ट्यावर ठेवली आणि ती खाली बसली, गुडघे दुखतात तिचे, हात टेकून बसली. साळुंकीला तिनं दोन्ही हातांत घेतलं. पदराचं टोक कळशीत बुडवून तिच्या चोचीत पाणी पिळलं. आहारासाठी आणलेलं पाणी. पदर बुडवला म्हणजे ती कळशी बाद झाली, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मग ती वाकली आणि साळुंकीच्या कानाशी, पाखराला कान कुठं असतो ते तिला माहीत असावं, मरणाऱ्याच्या कानात म्हणतात तो णमोकार मंत्र म्हणू लागली. आवाज वर येत नव्हता. ओठ तेवढे हलत होते. त्याचे वडील, अप्पा, गेले तेव्हा दवाखान्यात तिनं असाच म्हटला होता, सलाईनची नळी हातानं बाजूला धरून, आणि भरतेश तेव्हा बाहेर फोनवर ऑर्डरबद्दल बोलत होता. साळुंकीचा पंख एकदा फडफडला आणि मिटला. अव्वा तशीच बसून राहिली. मग तिनं हात नाकाशी नेला. वास घेतला. शेतकऱ्याची मुलगी होती ती, तो वास तिला शिकवायला लागत नव्हता. तिनं मान वळवून घराच्या कडेनं दिसणाऱ्या लॉनकडे पाहिलं, कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या झारीकडे पाहिलं, मशीनमागच्या पोत्याकडे पाहिलं. वर खिडकीकडे मात्र पाहिलं नाही. त्याला वाटलं, पाहावं तिनं. एकदा वर बघून काहीतरी बोलावं, शिवी द्यावी, म्हणजे निदान दोघांच्या मध्ये ती गोष्ट पडेल आणि उचलता येईल. ती उठली. साळुंकी तिनं कुंपणापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर कडुनिंबाखाली ठेवली, वर पानं टाकली. कळशी उपडी केली. परत फाटक वाजलं. ती दुसरं पाणी आणायला गेली होती.

अजून वेळ होता. हे त्याला त्या सकाळी सतत जाणवत राहिलं, की अजून वेळ आहे. खाली जाऊन सांगता येईल, अव्वा, आज आपण दारात उभं राहू नये. बाकी तीन घरं आहेत. महाराज तिकडे जातील, कुणाचं काही अडणार नाही. वाक्य तयार होतं. ते घेऊन तो जिना उतरला आणि खाली दीपाली म्हणाली, "अव्वा परत आंघोळीला का गेल्या हो? आणि पाणी दुसऱ्यांदा कशाला आणलं?" तो म्हणाला, "शिवाशिव झाली असेल काहीतरी." दीपालीनं मान हलवली आणि ती नारळ पुसायला लागली. इतकं सोपं असतं. अव्वा न्हाणीघरातून कोरी साडी नेसून आली. चेहरा नेहमीसारखा होता, जरा जास्त धुतलेला. त्याच्या समोरून जाताना ती थांबली. ती म्हणाली, "भरत, उपरणं नीट घे. खांद्यावरनं घसरतंय." त्यानं उपरणं नीट घेतलं. तिनं क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आता त्यानं बोलायचं होतं, तिनं तेवढी जागा सोडली होती, हे त्याला स्वच्छ कळलं. तो म्हणाला, "साडेनऊ झाले वाटतं."

दारात ती तिघं उभी राहिली. हातात कलश, त्यावर नारळ. दोन्ही बाजूंना ते हिरवं पसरलेलं. दुप्पट औषधानं चट्टे गेले नव्हते, पण चार दिवसांपूर्वी त्यानं परत युरिया टाकला होता आणि लांबून बघणाऱ्याला हिरवंच दिसत होतं. भिंतीपलीकडून नानासो हात जोडून उभे होते; त्यांना यातलं फारसं कळत नसे पण साधूमाणसाबद्दल मनापासून आदर होता. हळू आवाजात म्हणाले, "झ्याक दिसतंय सायेब आता." भरतेशनं मान हलवली. मग गल्लीच्या टोकाला माणसं दिसली आणि त्यांच्या मध्ये महाराज, संकल्पाची खूण म्हणून उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकवलेली, नजर चार हात पुढं, पायाखाली मुंगी येऊ नये अशी. पहिल्या घरावरून पुढं आले. दुसऱ्यावरूनही. भरतेश मनात म्हणत होता, पुढं जावं. आमच्या दारात थांबू नये. आयुष्यात त्यानं पहिल्यांदा इतक्या कळकळीनं काही मागितलं असेल. शेजारी अव्वाचा आवाज निघाला, जुना, किंचित चिरका, "हे स्वामी नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ, तिष्ठ," आणि महाराज फाटकाशी थांबले.

पुढचं सगळं त्याला पाण्याखालून ऐकू आल्यासारखं झालं. तीन प्रदक्षिणा झाल्या. मग यजमानानं म्हणायचं असतं, त्याशिवाय महाराज आत पाऊल घालत नाहीत. ते वाक्य त्यानं आठवडाभर पाठ केलं होतं आणि अव्वानं ते त्याच्याकडून रोज म्हणवून घेतलं होतं. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध आहे. महाराज वाट पाहत होते. गल्ली वाट पाहत होती. त्याला फक्त तोंड मिटून राहायचं होतं. तोंड मिटलं असतं तरी खरं बोलल्यासारखं झालं असतं. त्यानं अव्वाकडे पाहिलं. ती खाली फरशीकडे बघत होती आणि तिचे ओठ घट्ट होते. मग भरतेश म्हणाला. मोठ्यानं, स्वच्छ, एकही शब्द न अडखळता. त्याच्या मागोमाग दीपालीनं म्हटलं. आणि सगळ्यात शेवटी, इतक्या हळू की महाराजांनाही नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे, अव्वानं म्हटलं. खोटं बोलताना तिचा आवाज कसा येतो हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

महाराज फरशीच्या पट्टीवरून आत आले. डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. आहार झाला. निरंतराय झाला. केस निघाला नाही, मुंगी निघाली नाही, काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं भरतेशला घासागणिक सहन होईना. त्याला वाटत होतं आता होईल, या भाकरीला, या घोटाला, महाराजांचा हात थांबेल, ओंजळ सुटेल, आणि सगळ्यांना कळेल. ओंजळ सुटली नाही. अव्वा पाणी घालत होती, बारीक धारेनं, महाराजांच्या बोटांकडे एकटक बघत. पाण्याचा एक थेंब बाहेर सांडला नाही. बघायला आलेल्या बायका आपापसांत म्हणत होत्या, काय हात आहे या वयात. अव्वाचं केवढं पुण्य. धरणेंद्र काकांनी भरतेशच्या पाठीवर हात ठेवला आणि तो त्यानं तसाच ठेवू दिला.

आहारानंतर महाराज पाटावर बसले. हात धुतले, मौन सोडलं. आहार देणाऱ्यांनी काहीतरी नियम घ्यायचा असतो, काही दिवसांसाठी किंवा जन्मभरासाठी काहीतरी सोडायचं असतं. महाराज तरुण होते, कर्नाटकातले, मराठी सावकाश बोलायचे. त्यांनी भरतेशकडे पाहिलं आणि हसले. "तुमच्याबद्दल ऐकलं आम्ही. चातुर्मासात माती उकरत नाही म्हणे." बायकांनी कौतुकानं पाहिलं. "मग आज काय सोडणार?" खोलीत वीसेक माणसं होती. भरतेशच्या तोंडात ते सगळं आलं होतं, बाटली, झारी, पेपरातली साळुंकी, सगळं, दातांच्या मागे येऊन थांबलं होतं. तो म्हणाला, "बटाटा, महाराज. जन्मभर." कुणीतरी "वा" म्हणालं. कंदमूळ सोडणं म्हणजे काही लहान गोष्ट नव्हे. दीपालीनं मात्र चटकन त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, कारण बटाटा त्याला डॉक्टरांनी गेल्या दिवाळीतच बंद केला होता, साखरेपायी. महाराजांनी मोरपिसांची पिच्छी उचलून त्याच्या डोक्यावर टेकवली. ती इतकी हलकी होती की त्याला टेकल्याचं कळलंसुद्धा नाही.

"आणि अव्वा, तुम्ही?" महाराज म्हणाले. "तुमच्याकडं तर सोडायला काही राहिलंच नसंल." सगळे हसले. अव्वा पुढं सरकली, गुडघ्यावर हात टेकून खाली बसली.

"महाराज," ती म्हणाली, "आजपासनं मी आहाराला उभी राहणार न्हाई. ह्या दारात न्हाई, कुणाच्याच दारात न्हाई. पाणीबी गाळणार न्हाई कुणाच्या चौक्यात."

हसणं थांबलं. महाराजांनी हातातली पिच्छी खाली ठेवली. "असा नियम कुणी घेत नाही, अव्वा. हे तर पुण्याचं काम. का सोडता?"

"हात कापायल्यात आता," अव्वा म्हणाली. "वय झालं."

तिनं दोन्ही हात पुढं धरले होते. ते जराही कापत नव्हते. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं आणि म्हातारीच्या मनाचा मोठेपणा म्हणून एकमेकांकडे बघून माना हलवल्या. महाराजांनी पिच्छी परत उचलली. अव्वानं डोकं वाकवलं. भरतेश तिच्या शेजारीच बसला होता. त्यानंही वाकवलं, आणि माणसं उठून, चपला घालून, लॉनचं कौतुक करत फाटकाबाहेर गेली तरी त्याला डोकं वर उचलता आलं नाही.